बघितल्याशिवाय औषध नाही

त्या घरात गायी नऊ आणि माणसं चार. गायींना काय होतंय ते घरातल्यांना न विचारता कळायचं. कोण रवंथ करत नाही, कोणाचं शेण पातळ झालंय, कोण उगाच हंबरतेय, सगळं ठाऊक. माणसांचं मात्र विचारावं लागायचं, आणि विचारायची त्या घराला सवय नव्हती.

घरातल्या कर्त्या पुरुषाला गाव डॉक्टर म्हणायचं. शाळा त्याने सातवीतच सोडलेली. पण अडलेलं वासरू फिरवून काढावं तर त्यानेच, आणि फुगलेलं पोट उतरवावं तर तेही त्यानेच. पाच गावांतून माणसं यायची. कुणी लांबूनच ओरडलं, "डॉक्टर, गाय चरत नाही, काय देऊ?" तर हा उत्तर द्यायचा नाही. चपला पायात सरकवायचा आणि म्हणायचा, "आधी जनावर दाखव, मग बोल. बघितल्याशिवाय औषध नाही." एकदा एक बडा माणूस गाडीतून न उतरताच काचेतून लक्षणं सांगायला लागला, तर याने त्याला आल्या पावली परत पाठवला. कासेला हात लावायच्या आधी तो दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून गरम करायचा. भर उन्हाळ्यातसुद्धा. गार हात लागला की गाय पान्हा चोरते, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं.

त्याच्या बायकोला सगळे थोरली म्हणत. सासू 'थोरले' अशी हाक मारायची. धाकटी जाऊ ताई म्हणायची. तिचा नवरा ट्रकवर असल्यामुळे महिन्यातून दोनदा घरी यायचा. थोरलीची एकुलती एक लेक लग्न होऊन दूर गेलेली. गोठ्यात दूध काढायचं काम थोरलीचं. वीस वर्षं, सकाळ-संध्याकाळ. अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडला होता, आणि बूड टेकायचा लाकडी ठोकळा तिच्या मापाने झिजला होता. कासेत वाटाण्याएवढी गाठ धरली तरी तिच्या बोटांना आधी लागायची. "अहो, तांबडीला मागच्या डाव्या सडात दगडी होतेय," ती सांगायची. मग तो त्या दगडासारख्या कडक झालेल्या कासेला शेक द्यायचा, तेल लावून चोळायचा, दर दोन तासांनी सड पिळून मोकळा करायचा. आठ दिवसांत कास मऊ.

आता अशा बाईला स्वतःच्या उजव्या छातीत गाठ लागली, तर तिने काय करावं?

उन्हाळा नुकताच लागला होता. ती भुरीखाली बसली होती. भुरी म्हणजे गोठ्यातली सगळ्यांत तिरसट गाय; थोरलीशिवाय कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. तो पलीकडे गव्हाणीत चारा टाकत होता. थोरली धार न थांबवता म्हणाली, "अहो, माझ्या इथे काहीतरी कडक लागतंय. दगडीसारखं."

त्याने मान वर केली नाही. "दगडीच असेल. शेक दे, तेल चोळ. मोकळी होईल."

"दुखत नाही पण."

"दुखत नाही, मग बरंच आहे की."

झालं. एवढंच बोलणं. अंगावरचं मूल सुटून अठरा वर्षं झालेल्या बाईला कुठून दगडी होणार? पण हा प्रश्न दोघांपैकी एकालाही सुचला नाही. गाठ म्हणजे दगडी आणि दगडी म्हणजे शेक, हे त्यांच्या हाडीमाशी इतकं खिळलं होतं की गाय कोण आणि माणूस कोण याचा विचार मध्ये आलाच नाही. ती रोज दुपारी चुलीत वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि मागच्या खोलीत दार लोटून छातीशी धरून बसायची. मग तेल लावून चोळायची, दात-ओठ खाऊन दाबायची. गाठ काही मोकळी होईना. सात महिने तिने हे केलं. मधे एकदा त्याने विचारलं, "कमी आहे का?" ती म्हणाली, "आहे तसंच आहे." तो म्हणाला, "चोळत राहा."

शेवटी जावेने बघितलं. अंघोळीच्या वेळी पंचा द्यायला ती आत आली आणि दारातच थांबली. "अगं बाई! ताई, हे काय झालंय?" गाठीवरची कातडी संत्र्याच्या सालासारखी झाली होती आणि बोंड आत ओढलं गेलं होतं. जावेने घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तिघं तालुक्याला आणि तिथून मोठ्या दवाखान्यात.

दवाखान्यातल्या बाई वयाने लहान होत्या, पण बोलायला सरळ. त्यांनी हात लावून बघितलं, काखेत बोटं घालून बघितलं, आणि हात धुता धुता विचारलं, "किती दिवस झाले?"

"सात महिने."

"सात महिने काय केलंत?"

"शेक दिला. तेल चोळलं."

"कुणी सांगितलं?"

थोरलीने त्याच्याकडे बघितलं. तो पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून भिंतीला टेकून उभा होता. ती म्हणाली, "कुणी नाही. माझं मीच."

मी सांगितलं, असं तो म्हणाला नाही. बाई म्हणाल्या, "शेकल्याने काही वाढलेलं नाही. वेळ गेला, म्हणून वाढलंय. आता एक दिवस घालवायचा नाही." आणि तेवढ्यात बाहेरच्या बोळातून कुणीतरी मोठ्याने हाक मारली, "डॉक्टर!" सवयीने याची मान वळली. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मान इतकी खाली घातली की थोरलीला त्याचा फक्त माथा दिसला. त्या दिवसापासून गावात कुणी त्या नावाने हाक मारली तरी तो ओ देईना, आणि कुणाच्या गुराला हातही लावेना.

गाठीचा तुकडा तपासला, अहवाल आला, ऑपरेशन झालं. उजवी बाजू काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. लेक दहा दिवस येऊन राहिली, रडली, आईचे पाय चेपले आणि परत गेली. तिचं तिकडे तान्हं मूल होतं. थोरली घरी आली ती कुशीतून नळी आणि नळीच्या टोकाला बाटली घेऊन. बाटली कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवलेली. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "काय नेताय? तूप का?" थोरली म्हणाली, "हो." मग घर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घरच्यांनी काही कमी केलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, लोकांनी बाईला टाकली. कुणी टाकली नाही. उजवा हात वर जाईना म्हणून त्याने आपले पुढून गुंड्या असलेले जुने सदरे तिला घालायला दिले. गोळ्यांच्या वेळा त्याने दोरीला गाठी मारून खुंटीवर टांगल्या. सासूने तिची भांडी वेगळी केली, जंतू लागायला नकोत म्हणून, आणि पंच्याहत्तर वर्षांची ती म्हातारी रोज तो एकच पेला अन् ती एकच ताटली उकळत्या पाण्यातून काढायची. जावेने घर, चूल, गोठा असं सगळं अंगावर घेतलं. "ताई, तुम्ही काडी इकडची तिकडे करायची नाही," ती म्हणाली आणि खरंच काडी हलवू दिली नाही.

मागची खोली थोरलीला दिली. वारा नको, धूळ नको, शेणाचा वास नको. सगळे दारापर्यंत येत, काय हवं-नको विचारत आणि जात. बाहेर हसणं-बोलणं चाललेलं असायचं. ती दारात आली की सगळे गप्प होत आणि कुणीतरी बसायला खुर्ची पुढे करायचं. खुर्चीवर बसून तिने काय करायचं? दोन्ही वेळा धारेचा आवाज यायचा. बादलीच्या बुडावर आधी वाजणारा, मग फेसात बुडणारा. जाऊ धार काढायची, पण तिची मूठ घाईची, हे भिंतीआडूनही थोरलीला ऐकू यायचं. तिचा ठोकळा आता जावेखाली होता. त्यात जावेची काय चूक? उभ्याने का कुणी दूध काढतं? पण धार सुरू झाली की थोरली खुर्ची भिंतीपासून लांब सरकवायची.

लेकीचा फोन यायचा. "आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"जेवतेस ना?"

"जेवते की."

पुढे दोघींनाही काही सुचायचं नाही. तिकडे मूल रडायला लागायचं आणि दोघी सुटायच्या.

दवाखान्यातल्या नर्सने एक व्यायाम सांगितला होता. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि उजव्या हाताची बोटं भिंतीवर चढवत न्यायची, जमेल तिथपर्यंत. थोरली रोज करायची. जिथे बोटं थांबायची तिथे डाव्या हाताने कोळशाची रेघ मारायची. पहिली रेघ कमरेच्या जरा वर होती. पंधरा दिवसांत रेघ खांद्याला आली. त्या दिवशी तिला वाटलं, कुणाला तरी हाक मारावी आणि म्हणावं, बघा. पण हाक मारली की सगळे घाबरून धावत येणार, हेही तिला माहीत होतं. तिने कोळसा कोनाड्यात ठेवला.

आणि तो? तो सगळं करायचा, फक्त बघायचा नाही. बसमध्ये तिला खिडकीशी बसवायचा, वाटेत ओकारी आली की पातेलं धरायचा, तिची चप्पल दाराशी लावून ठेवायचा. पण त्याची नजर तिच्या पायांवर, नाहीतर भिंतीवर. तिच्या अंगावर म्हणून कधी यायची नाही. टाके काढायच्या दिवशी नर्सने पडदा सरकवून म्हटलं, "या ना आत, बघून घ्या जखम कशी पुसायची ते." तो म्हणाला, "धाकटी बघेल." आणि बाहेर जाऊन उभा राहिला. जखम जाऊच पुसायची. आपलं अंथरूण त्याने गोठ्याला लागून असलेल्या पडवीत नेलं. "तुला शांत झोप लागावी म्हणून," असं भिंतीला सांगितलं.

थोरलीने याचा अर्थ लावला, आणि तो एकच लागत होता. त्याला माझी किळस येते. जन्मभर गुरांचं रक्त, वार, पू याच्यात हात घालणारा माणूस, त्याला कशाची किळस यायची नाही, पण माझी येते. ती हे कुणाला बोलली नाही. बोलून काय करणार? एकदा तरी त्याने बघावं, मग नाक मुरडलं तरी चालेल, इतकंच तिला वाटायचं. दिवसातून दहादा वाटायचं.

ऑपरेशननंतर औषधाच्या सलाईन सुरू झाल्या. सहा ठरल्या होत्या, एकवीस दिवसांनी एक. लांब खोलीत खुर्च्यांची रांग आणि प्रत्येक खुर्चीशी एक बाटली. शेजारच्या खुर्चीवर एक शिंपीण असायची, तिची ही पाचवी खेप. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल आणि तोंड बंद म्हणून नाही.

"रिकामी बाजू तशीच ठेवलीस?" तिने पहिल्याच दिवशी थोरलीला विचारलं. "खांदा वाकडा होईल अशाने. पिशवी शिव एक. आतून सुती, गोल, वजनाला दुसरीइतकी. हे बघ." तिने बिनधास्त पोलक्याच्या गळ्यातून हात घालून पिशवी काढून दाखवली. "आधी मी मूग भरले होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात घामाने मोड आले बाई!"

थोरली हसली. किती दिवसांनी हसली, तिलाच आठवेना. तो पलीकडे बाकावर पिशवी घेऊन बसला होता. तिचं हसणं ऐकून त्याने दचकून बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"सलाईन संपल्या की मग शेक," शिंपीण सांगत होती. "किरणांच्या मशीनखाली झोपवतात. दुखत नाही काही. आम्ही त्याला शेकच म्हणतो. माझे पंचवीस शेक ठरलेत."

तो शब्द ऐकला आणि तो बाकावरून उठला. बस निघायच्या वेळेपर्यंत परत आला नाही. कुठे होता, तर दवाखान्याच्या नळापाशी उभा होता, असं शिपायाने सांगितलं. थोरली मनात म्हणाली, बघ, ऐकवतही नाही याला.

दुसऱ्या खेपेआधीच केस गेले. सासूने बघितलं की उशीवर, ताटात, सगळीकडे केस. "बस पुढ्यात," म्हातारी म्हणाली आणि गायींच्या शेपटीचे गोंडे कापायची कात्री घासून-पुसून घेऊन आली. कापून झाल्यावर तिने स्वतःच्या डोक्याची लोकरी टोपी काढून थोरलीच्या डोक्यावर घातली आणि केरसुणी घेतली. "मी झाडते," थोरली म्हणाली. "गप बस," म्हातारी म्हणाली, आणि पाठमोरी होऊन बराच वेळ तिथेच झाडत राहिली.

थोरलीने पिशवी शिवली. डाव्या हाताने टाके वेडेवाकडे आले, पण शिवली. भरायला काय? कोनाड्याखाली गायींच्या खाद्याचं पोतं होतं. तिने ओंजळभर सरकी घेतली. वजन बरोबर बसलं. सदऱ्याच्या आतून पिशवी बांधली, आरशात बघितलं आणि तिला वाटलं, दिसतेय की माणसासारखी. हेही कुणाला दाखवलं नाही.

चौथी सलाईन होऊन आठवडा झाला आणि भुरी व्याली. कालवड झाली, सगळं नीट झालं. पण तिसऱ्या दिवशी थोरलीला भिंतीआडून बादली उलटल्याचा आवाज आला, जावेची किंकाळी आली, आणि मग जाऊच आली, मांडी चोळत.

"लाथ मारली मेलीने. ताई, तिची मागची उजवी बाजू दगड झालीय. वासराला लुचू देत नाही, मला हात लावू देत नाही. सड तापलाय."

"हे कुठे आहेत?"

"तिथेच आहेत. लांब उभे आहेत. सरकारी डॉक्टरला फोन केला, तो परवा येणार." जाऊ थांबली. "ताई, ते हात लावत नाहीत तिला. मी म्हटलं तर म्हणाले, मला नाही कळत यातलं."

थोरली उठली. नाकातोंडावर फडकं बांधलं. सासू दारात आडवी आली. "थोरले, दवाखान्यातल्या बाईंनी गोठ्यात पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलंय. रक्तातल्या पांढऱ्या पेशी का काय त्या कमी आहेत तुझ्या."

"मी हात लावणार नाही आई. तोंडाशी उभी राहते नुसती."

"पडलीस म्हणजे?"

"पडले तर उचला." आणि म्हातारीच्या बाजूने ती निघून गेली.

चार महिन्यांनी ती गोठ्यात आली. सकाळचं ऊन दारातून आत पडलं होतं. थंडीने गायींच्या तोंडातून वाफ निघत होती. तो खांबाला टेकून उभा होता. तिला बघताच तो सरळ झाला.

"तू कशाला आलीस?"

"हात लावा तिला."

"सरकारी डॉक्टर येतोय परवा."

"परवापर्यंत सड जाईल. तुम्हाला सांगायला हवं?"

"जाऊ दे गेला तर. माझ्या हाताला यश नाही राहिलं."

थोरलीला इतके दिवस आवरलेलं एकदम वर आलं. "जाऊ दे? एक गेला या घरातला तेवढा पुरे नाही झाला? आता हिचाही जाऊ द्यायचा?"

जाऊ खाली बघायला लागली. बाहेर चुलीवर गरम पाणी होतं. तो गेला, बादली घेऊन आला, ठोकळ्यावर बसला. सवयीने तळवे चोळायला लागला आणि चोळतच राहिला, जणू पुढचं विसरला होता.

थोरली भुरीच्या तोंडाशी गेली. दावं डाव्या हातात धरलं. "काय गं भवाने," ती म्हणाली. "माणसं मारतेस? हं? ये बाय माझी, ये." भुरीचे कान हलले. तिने लांब श्वास सोडला आणि मागचे पाय जरा फाकवून उभी राहिली. त्याने कासेला हात लावला. गाय थरथरली, पण लाथ उचलली नाही.

"शेक आधी," थोरली म्हणाली.

त्याचा हात जागीच थांबला.

"द्या शेक. गायीला चालतो तो. तिला दगडीच झालीय."

त्याने गरम पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि कासेवर धरलं. मग सड पिळायला घेतला. आधी काही येईना. मग पिवळं पाणी, मग दह्यासारख्या गुठळ्या. थोरली भुरीच्या मानेवर थोपटत होती आणि तोंडाने हं हं करत होती. भुरीने मान वळवली, थोरलीला हुंगलं, टोपी हुंगली, सदरा हुंगला. आणि तिला वास लागला. तिने ते भलंमोठं ओलं नाकाड थेट सदऱ्यात खुपसलं आणि उजवीकडची पिशवी जिभेने ओढायला लागली.

"अगं! अगं सोड!" थोरली मागे सरली. सदऱ्याची गुंडी तुटली.

त्याने वर बघितलं. "काय ठेवलंयस तिथे?"

"सरकी."

"काय?"

"सरकी भरलीय. वजन नको का दुसऱ्या बाजूला?"

जाऊ तोंडावर हात ठेवून खुसखुसली. तोही हसला. आधी नाकातून, मग मोठ्याने, खांदे हलेपर्यंत. भुरी पुन्हा पिशवीकडे तोंड नेत होती. थोरली तिला ढकलत हसत होती. आणि मग तिच्या लक्षात आलं की तो हसत नाहीय. त्याने कपाळ भुरीच्या कुशीला टेकवलं होतं आणि मोठा माणूस रडू नये तसा रडत होता. जाऊ शहाणी. तिने कालवडीला घेतलं आणि बाहेर गेली.

"मी बघितलं नाही गं," तो म्हणाला. "परक्यांच्या गुरांना कधी बघितल्याशिवाय औषध सांगितलं नाही मी. आणि तुला चारा टाकता टाकता सांगितलं. मान वर नाही केली. सात महिने."

"मी तरी कुठे दाखवलं?"

"तू कशाला दाखवशील? मी दाखव म्हणायला हवं होतं. आणि तिथे बाईंनी विचारलं तेव्हाही तू माझं नाव घेतलं नाहीस, आणि मी घेऊ दिलं नाही."

थोरलीचा दाव्यावरचा हात सैल पडला. चार महिने ती ज्याच्याशी एकटी झगडत होती ते हे होतं? "मला वाटलं, तुम्हाला किळस येते माझी," ती म्हणाली.

"किळस?" त्याने मान वर केली. नाक वाहत होतं. "तुझी किळस? अगं, मला तोंड नव्हतं तुझ्याकडे बघायला."

"मग तोंड नव्हतं असं सांगायचं तरी. मी तिथे एकटी मेले असते की."

त्याने सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. ती मात्र लगेच मऊ पडली नाही. का पडावं? चार महिने थोडे नसतात.

"पिळा," ती म्हणाली. "थांबू नका. गार होईल."

त्याने पिळलं. अर्ध्या तासाने गुठळ्या कमी झाल्या आणि बोटांना कास जरा दबायला लागली. अजून दोन दिवस तरी हे करावं लागणार होतं, दर दोन तासांनी. सड वाचेल की नाही ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. मग थोरली भिंत धरत धरत खोलीत आली आणि अंथरुणाच्या काठावर बसली. तुटलेली गुंडी तिच्या मुठीत होती.

बाहेर हौदावर पाण्याचा आवाज येत होता. तो हात धूत होता. नर्सने दाखवलं होतं तसा, कोपरापर्यंत साबण लावून, एकदा आणि पुन्हा एकदा. मग पावलं आली आणि खोलीच्या दारात थांबली. ऑपरेशन झाल्यापासून त्या उंबऱ्याच्या आत त्याने दोन पावलांपलीकडे पाय टाकला नव्हता. आज तो आत आला आणि त्याला भिंत दिसली.

"या रेघा कसल्या?"

"हात कुठवर जातो त्याच्या."

त्याने सगळ्यांत खालच्या रेघेपासून वरपर्यंत एक एक रेघ बघितली. शेवटची तिच्या डोक्याच्या वर होती. मग तो वळला, तिच्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला, जसा तो कुणाच्याही गोठ्यात बसायचा, आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "दाखव."

थोरलीने गुंड्या काढायला घेतल्या. डाव्या हाताने वेळ लागत होता. त्याने मदत केली नाही, घाई केली नाही, नजरही हलवली नाही. तिने सरकीची पिशवी सोडून बाजूला ठेवली आणि सदरा उघडला. तिथे आता काखेपर्यंत गेलेली आडवी रेघ होती, टाक्यांच्या खुणांची, आणि सपाट कातडी. तिला थंडी वाजत होती. अजून दोन सलाईन होत्या, मग शेक, आणि त्यापुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

तो बघत राहिला. गायीकडे बघावं तसा, सावकाश, इकडून तिकडे, काही न सोडता. मग त्याने दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले आणि हात पुढे केला.

हौदाचं पाणी बर्फासारखं होतं.

"गार आहेत अजून," ती म्हणाली.

त्याने हात मागे घेतला आणि पुन्हा चोळायला लागला.